घरात लाइट आहे, ओटा मात्र बंद

हॉलमधला पंखा फिरतोय, बेडरूममध्ये दिवा आहे, पण ओट्यावरचा मिक्सर, फ्रिज आणि प्युरिफायर एकदम गप्प. तीन उपकरणं एका क्षणी बिघडत नसतात. दोष त्यांच्यात नाही, डीबीपासून (घरभराच्या खटक्यांची पेटी) सॉकेटपर्यंतच्या वाटेत आहे. (एकटा मिक्सरच थांबला असेल तर तो उलटा करून बुडाचं लाल बटण दाबा. वाटण जड झालं की ओव्हरलोड स्विच उडतो. दहा मिनिटं गार होऊ द्या, मग दाबा.)

डीबीचं झाकण उघडून नीट बघा. अरुंद, एका खटक्याचे ते एमसीबी, प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारे. रुंद आणि 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला तो आरसीसीबी, वीज गळली की तोडणारा. दोघं वेगवेगळ्या कारणांनी पडतात, म्हणून कोण पडलाय यावरच निम्मा तपास होतो. पडलेला एमसीबी कधीकधी मध्येच लटकून राहतो आणि लांबून चालूच वाटतो. तो आधी पूर्ण खाली ओढा, 'टक' झालं की मगच वर करा.

एमसीबी वर करताक्षणीच पुन्हा पडला, तर शॉर्ट सर्किट. इथे हट्टाने परत परत वर करू नका. स्वयंपाकघरातल्या सगळ्या पिना काढून एकदाच करून बघा. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये किंवा सॉकेटमध्ये आहे, वायरमनच हवा. राहिला, तर एकेक पिन लावत जा; जिच्यामुळे पडेल ते उपकरण दोषी.

दहा-पंधरा मिनिटांनी किंवा आणखी उशिरा पडत असेल, तर भार जास्त. हिशेब सोपा आहे: वॅटला २३० ने भागा. इंडक्शन २०००, किटली १५००, मायक्रोवेव्ह १२०० वॅट. एकूण ४७००, म्हणजे साधारण २०.४ अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरचा असेल तरी तो लगेच पडणार नाही. प्रमाणानुसार त्याने क्षमतेच्या १.१३ पटीपर्यंत तासभर तग धरायचा असतो आणि १.४५ पटीला, म्हणजे २३.२ अँपिअरला, तासाच्या आत पडायचं असतं. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल याचा नेम नाही. सकाळी चहा होतो आणि पोळ्या भाजताना लाइट जाते, ती यामुळे.

यावर सर्रास केला जाणारा 'उपाय' म्हणजे १६ चा काढून ३२ चा एमसीबी बसवणं. हा शुद्ध वेडेपणा आहे. भिंतीतली २.५ चौरस मिलिमीटरची तार तीच राहते, तिचा पहारेकरी तेवढा झोपवला जातो. इंडक्शनला डीबीपासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तार आणि स्वतःचा एमसीबी द्या. ६ अँपिअरच्या सॉकेटात मल्टिप्लग खुपसून किटली आणि टोस्टर चालवणं हा त्याच रोगाचा धाकटा भाऊ.

आरसीसीबी पडला असेल तर वीज गळतेय. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो, गळती त्याच्या निम्म्याच्या वर गेली की तो पडू शकतो. संशयित नेहमीचेच: धुतल्यावर ओला राहिलेला मिक्सरचा बेस, फ्रिजचा डीफ्रॉस्ट हीटर, गिझरचं एलिमेंट, पावसाळ्यात ओल आलेलं सिंकजवळचं सॉकेट. इथे बहुतेक जण एक चूक करतात: नुसता स्विच बंद करतात. भिंतीवरचा स्विच फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (परत नेणारी तार) जोडलेलाच राहतो, आणि न्यूट्रलची अर्थिंगला गळती असेल तर आरसीसीबी तरीही पडतो. पिनच उपसून काढा. आरसीसीबीला बगल देणारी जोडणी करून देणारा वायरमन दारातूनच परत पाठवा.

एकही खटका पडलेला नाही आणि तरी लाइट नाही, तर सैल जोड. बहुतेक घरांत एका सॉकेटातून पुढच्या सॉकेटात तार नेलेली असते. पहिल्याचा स्क्रू तापून सैल झाला की पुढचे सगळे मरतात. काळवंडलेली प्लेट किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास आला की त्या सॉकेटचा एमसीबी बंद करून ठेवा. अर्थचं मोठं छिद्र वर असताना उजवं छिद्र फेजचं. तिथे टेस्टर पेटतो आणि डाव्यातही पेटतो, तर न्यूट्रल तुटलाय, फेज पलीकडच्या चालू उपकरणातून फिरून येतोय. अशा सॉकेटाला हात लावू नका.

याहून वाईट प्रकार इमारतीचा मुख्य न्यूट्रल तुटण्याचा. काही दिवे भगभगीत, काही मिणमिणते दिसले, तर मेन स्विच तत्काळ खाली करा. तीन फेजच्या पुरवठ्यात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. मग १९१२ या वीज-तक्रारींच्या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा.

मायक्रोवेव्ह आतून उघडू नका; पिन काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. लाइट परत आल्यावर फ्रिज पाच मिनिटांनीच लावा. कॉम्प्रेसरमधला वायूचा दाब समान व्हायच्या आत चालू केला तर मोटर अडकते, आणि नुकताच वर केलेला एमसीबी परत पडू शकतो.