आमची वाटचाल : नोट्स न देणारा क्लास

मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. 1894 मध्ये डॉ. वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं. आज कर्नाटकातूनही पेशंट येतात आणि नर्सिंग शिकलेली मुलगी जवळपास प्रत्येक गल्लीत सापडते. आमचा क्लास मुळात दहावी-बारावीच्या इंग्रजीचा. वरच्या मजल्यावरची खोली, फळा आणि थोडी बाकं. बारावीला आमच्याकडे असलेली एक मुलगी नर्स झाली आणि "मॅडम, इंग्लंडला जायचंय, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचं स्पीकिंग करून घ्या" म्हणत पुन्हा जिना चढून आली. तिच्या मागून तिच्या वॉर्डातल्या दोघी आल्या. धंदा वळला तो असा. आम्ही ठरवून वळवला म्हणणं खोटं होईल.

स्पीकिंगची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. आधी घर, नोकरी, आवडीनिवडी यांवर प्रश्न. मग विषयाचं एक कार्ड, विचाराला एक मिनिट आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलणं. शेवटी त्याच विषयावर जरा खोलातली चर्चा. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार यांना सारखंच वजन. तुमचं मत बरोबर की चूक, याला गुण नाहीत. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला स्पीकिंगमध्ये 7 बँड, म्हणजे नऊपैकी सात गुण, लागतात. तिथं साडेसहा आला, तर लिसनिंगचे 8 ती उणीव भरून काढत नाहीत.

या धंद्यात सगळ्यात जास्त खपतात त्या नोट्स. शंभर कार्डांची शंभर पाठ उत्तरं, स्पायरल बाइंडिंग करून. चौकशीला आलेले वडील पहिलं तेच विचारतात : मटेरियल काय देणार? आम्ही म्हणतो, काही नाही, बोलायला बसवणार. बरेच जण तिथूनच परत जातात. आमचे हे हिशेब बघतात, त्यांनी यावरून माझ्याशी पुष्कळ वाद घातला. पण पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला पहिल्या दोन वाक्यांत कळतं. त्याला दिवसभर तेच ऐकायचं असतं.

एका सिस्टरला सरावात पारंपरिक कलेचं कार्ड आलं. तिनं काश्मिरी गालिच्यांवरचं पाठ उत्तर धडाधड म्हटलं आणि चौथ्या वाक्यावर गाडी अडली. राहायला कुठं, विचारलं, तर सतारमेकर गल्लीच्या मागं. मग म्हटलं, ते सांगा. ती सांगू लागली : पंढरपूरकडून भोपळे येतात, ते वाळवतात, कापून आतून कोरतात, वर लाकडी दांडी बसवतात, पॉलिशचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. क्रियापदं दोन-तीनदा घसरली, पण वेळ संपल्यावर आम्हालाच थांबवावं लागलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तेही तिनं मध्येच घुसवलं. तेव्हापासून पहिल्या आठवड्यात फक्त स्वतःच्या गल्लीबद्दल बोलायचं, हा आमचा नियम.

सराव परीक्षा घ्यायला बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. त्यांना सूचना एकच : मान डोलवायची नाही. आपल्याला समोरच्यानं "हं, हं" म्हणायची सवय. खरा परीक्षक ठरलेले प्रश्न विचारतो, चेहऱ्यावर काही दाखवत नाही, वेळ झाली की वाक्य अर्ध्यात तोडतो. मग मुलींचा आवाज खाली जातो. एकीनं बाहेर येऊन विचारलं, "मॅडम, काका माझ्यावर चिडलेत का?" काका घरी जाऊन हे बायकोला सांगून हसतात म्हणे.

नोव्हेंबर 2017 पासून ब्रिटनच्या कौन्सिलनं ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षाही मान्य केली आणि आमचं निम्मं काम बदललं. तिथं पेशंटची भूमिका करणाऱ्याशी बोलायचं असतं : कार्ड वाचायला तीन मिनिटं, मग पाचेक मिनिटांचा संवाद, असे दोन. इन्सुलिन नको म्हणणाऱ्या आजोबांना समजावणं या मुलींच्या अंगवळणी पडलेलं. आवडत्या सुट्टीबद्दल विचारलं की गप्प बसतात, कारण सुट्टी मिळते कुठं! मात्र ओईटीची फी आयईएलटीएसपेक्षा बरीच जास्त आहे, ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगतो.

मधल्या काळात बाहेरगावचा एक एजंट आला होता. म्हणाला, बोर्डावर "7 बँडची हमी" लिहा, मुली मी पाठवतो, कमिशन वाटून घेऊ. खोलीचं भाडं थकलेलं होतं तेव्हा. नाही म्हटलं. हमी परीक्षकाच्या खिशातली, आम्ही कुठून देणार?

लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला, तेव्हा गृहपाठ व्हॉट्सॲपवर आला. ड्यूटी संपली की चेंजिंग रूममधून दोन मिनिटांचा आवाज पाठवायचा. ती पद्धत आजही चालू आहे. मी ते दीडपट वेगानं कधी ऐकत नाही. मुलगी कुठं अडते, किती वेळ अडते, तेच तर ऐकायचं असतं.

आता बॅच ड्यूटीप्रमाणे लागतात, सकाळी नाइटवाल्यांची, संध्याकाळी बाकीच्यांची. एका वेळी सहापेक्षा जास्त जणी घेत नाही, नाहीतर बोलायची पाळीच येत नाही. त्यामुळं फी आजूबाजूच्या क्लासपेक्षा जास्त आहे, ती हप्त्यानं चालते. अलीकडे जर्मनीची चौकशी वाढली आहे. जर्मन आम्हाला येत नाही, ज्यांना येतं त्यांच्याकडे आम्ही सरळ पाठवतो.