मुंबईची टेकडी: पायरी आहे की समुद्र?

अण्णांचं पाकीट अखेर फोडलं. निकाल अर्धा गोड, अर्धा कडू. कडू भागातच खरा मुद्दा आहे, म्हणून शेततळ्यातल्या सेन्सरचं सविस्तर लिखाण मागे ठेवून आधी हे लिहितोय.

समुद्रपातळीच्या जुन्या नोंदीत गेजचं शून्य सरकल्यानं पडलेल्या ‘पायऱ्या’ शोधणारा माझा प्रोग्राम आहे, त्याची ही चाचणी. ठरल्याप्रमाणे ती आंधळी होती. पीएसएमएसएल, म्हणजे जगभरच्या समुद्रपातळीच्या नोंदी जपणारी संस्था. तिची मुंबईची, म्हणजे अपोलो बंदरची, मासिक आरएलआर (एकाच स्थिर शून्यावर आणलेली) फाइल मी अण्णांच्या हवाली केली. अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, नदीच्या गेज, म्हणजे पातळी मोजायच्या पट्ट्या, वाचण्यात गेली. गेज कुठं आणि कशी फसवते हे ओळखणारा त्यांच्यासारखा माणूस आपल्या मंडळात दुसरा नाही. त्यांनी त्या मालिकेत आपल्या मनानं खोड्या घातल्या, प्रत्येकीचं वर्ष आणि माप कागदावर लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि बिघडवलेली फाइल मला परत दिली. खोड्या किती, हे सांगितलं नाही. माझ्या प्रोग्रामनं त्या शोधायच्या होत्या.

आधी गोड भाग. एका महिन्याच्या आकड्यात अण्णांनी नेमका एक फूट, म्हणजे ३०४.८ मि.मी., मिसळला होता. तो पहिल्याच फेरीत सापडला. हे फारसं कौतुकाचं नाही, कारण प्लॉट काढला की तो डोळ्यांनाच दिसतो. १९२०च्या दशकात घातलेली सहा सेंटिमीटरची कायमची पायरी मात्र खरी कसोटी होती. त्या काळात ताडून बघायला शेजारचं कोची नाही, कारण कोचीची नोंद १९३९ला सुरू होते. म्हणजे शेजाऱ्याशिवाय, निव्वळ मुंबईच्या आकड्यांवरून पायरी पकडायची. ती सापडली आणि वर्षही जवळपास बरोबर आलं. अण्णांनी कागद बघून मान डोलावली तेव्हा इतक्या महिन्यांच्या खटपटीचं चीज झालं असं वाटलं.

एक सेंटिमीटरची पायरी निसटली. ती निसटणार हे गृहीतच होतं. वीस वर्षांत तीन सेंटिमीटर हळूहळू खचणारा बंदराचा धक्काही निसटला. आणि प्रोग्रामनं मोठ्या आत्मविश्वासानं एक पायरी दाखवली, शतकाच्या मध्यावर, जी पाकिटातल्या कागदावर नव्हतीच.

‘हे माझं नव्हे रे,’ अण्णा म्हणाले. ‘तिथं मी हातच लावलेला नाही.’

ती जागा म्हणजे आपली जुनी ओळखीची टेकडी. मुंबईची पातळी १९५०च्या दशकाच्या आसपास वर चढलेली दिसते आणि पुढं काही दशकं खाली उतरते, ती. आधीच्या लेखांत मी तिला बगल देऊन पुढं गेलो होतो. आता ती वाटेत आडवी बसली आहे.

प्रश्न सरळ आहे. मधल्या काळात गेजचं शून्य सरकलं, की समुद्रच खरोखर चढून उतरला? आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ला धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. ते फूट कुठल्या शून्यापासून मोजलेत हे कुणी विचारत नाही, कारण पुराच्या चार दिवसांत शून्य हलत नाही. समुद्राच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदीत मात्र शून्याचा इतिहास हीच निम्मी नोंद असते. तिथं शोधायचा बदल वर्षाला एखाद्या मिलिमीटरचा आणि गेज बदलताना, धक्का दुरुस्त करताना, बेंचमार्क (शून्य ज्याच्याशी बांधलेलं असतं ती जमिनीवरची पक्की खूण) हलवताना होणारी चूक सेंटिमीटरची.

एक हिशेब इथं मांडतो, कारण त्यामुळं माझी झोप उडाली आहे. नोंदीच्या बरोबर मध्यावर पायरी असेल तर सरळ रेषेच्या ट्रेंडमध्ये पडणारा फरक म्हणजे पायरीच्या उंचीची दीडपट भागिले नोंदीची वर्षं. जुनी रजिस्टरं फुटांत. फुटाच्या दहाव्या हिश्शाची चूक, म्हणजे दशांशाचा एक अंक चुकीचा वाचला, तर ३०.५ मि.मी. ती ११५ वर्षांच्या मालिकेच्या मध्यावर बसली तर ट्रेंड वर्षाला सुमारे ०.४ मि.मी.नं हलतो. मुंबईचा अख्खा ट्रेंडच वर्षाला साधारण ०.८ मि.मी. आहे. म्हणजे एका अंकात निम्मा ट्रेंड! आणि टेकडी बसली आहे मध्यावरच.

मग मी टेकडीच्या मागे लागलो.

सुरुवात दाबापासून केली. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर चढतो. जानेवारी ते जुलै मुंबईचा दाब दहाएक हेक्टोपास्कलनं पडतो, त्यामुळं मला त्यातून बरीच आशा होती. हॅडएसएलपी२ या जगभरच्या दाबाच्या संचातले मासिक दाब घेतले, ते १८५०पासून मिळतात. पण प्रत्येक महिन्याची सरासरी वजा करून मोसमी फरक काढून टाकला की उरलेला दाब जेमतेम एखादा हेक्टोपास्कल इकडंतिकडं होतो. आलेख थोडा गुळगुळीत झाला, टेकडी जागची हलली नाही.

शेजाऱ्यांनीही निराशा केली. कराचीची नोंद १९१६पासूनची, पण मध्ये मोठं खिंडार. एडन १८७९पासून आहे, तिथंही मोठमोठे खंड, शिवाय ते अरबी समुद्राच्या पार पलीकडच्या टोकाला. राहिलं कोची. कोचीला पावसाळ्याच्या उत्तरार्धात समुद्र उतरतो आणि डिसेंबराकडं चढतो, किनाऱ्यालगतचे प्रवाह उलटतात म्हणून. ही चाल मुंबईपेक्षा वेगळी आहे आणि दर वर्षी सारखी नसते. त्यामुळं मुंबई वजा कोची हा फरक स्वतःच डोलत राहतो. त्यातून सहा सेंटिमीटरची उडी दिसेल, पण टेकडीचा निवाडा होत नाही. आणि दोनच शेजारी असले की भांडण कुणाचं हे तिसऱ्याशिवाय ठरत नाही.

तिसरी वाट पावसाची, आणि इथं मी सगळ्यात जास्त रमलो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शंकर आणि शेट्ये यांनी १९९९मध्ये मांडलं होतं की मुंबईच्या पातळीतले दशकादशकांचे चढउतार भारतीय उपखंडावरच्या पावसाच्या चढउतारांसारखेच चालतात. पाऊस जास्त म्हणजे किनाऱ्यालगत गोडं पाणी जास्त, क्षारता कमी, पाणी हलकं, पातळी वर. १९३१ ते १९६० हा काळ भारतात एकंदर चांगल्या पावसाचा आणि त्यानंतरची तीन दशकं उणी, हे आपल्याला माहीत आहेच. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची १८७१पासूनची पावसाची मालिका घेतली, दशकाच्या सरासरीनं गुळगुळीत केली आणि टेकडीवर ठेवली. दोन्ही रेषा बऱ्याच ठिकाणी हातात हात घालून चालतात. बघून अंगावर काटा आला.

पण त्यावर शिक्का मारायला मी तयार नाही. दशकाची सरासरी घेतली की सव्वाशे वर्षांत स्वतंत्र असे चढउतार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. इतक्या थोड्या चढउतारांत दोन रेषा योगायोगानंही जुळतात. एवढं मात्र झालं, की टेकडीला नैसर्गिक कारण असू शकतं हे पक्कं झालं. आणि असं कारण समोर असताना, बेंचमार्कच्या कागदोपत्री पुराव्याशिवाय, ‘पायरी दिसली’ म्हणून आकडे खालीवर करून नोंद ‘सुधारणं’ मला मान्य नाही. काही जण तसं करतात आणि ट्रेंड छान सरळ येतो. सुधारलेल्या नोंदीतून पुढं कुणी समुद्राबद्दल काही शिकणार असेल, तर ते समुद्राऐवजी आपल्या हाताबद्दलच शिकेल.

मग प्रोग्राम चकला का? मी रप्चर्स ही मालिकेतले बदल शोधणारी पायथन लायब्ररी वापरतोय आणि त्यातली पेनल्टी, म्हणजे प्रत्येक नवी पायरी मानण्यासाठी आकारलेली किंमत, प्रत्येक महिना सुटा धरून ठरवली जाते. समुद्र तसा नाही. या महिन्यात पातळी सरासरीच्या वर असली की पुढच्या महिन्यातही ती वरच असण्याची शक्यता जास्त. अशी चिकट मालिका लांब लांब हेलकावे खाते आणि पायरी शोधणाऱ्या कुठल्याही चाचणीला त्या हेलकाव्यांत पायऱ्या दिसतात. म्हणून मुंबईइतकाच चिकटपणा असलेल्या, पण एकही पायरी नसलेल्या ढीगभर कृत्रिम मालिका तयार केल्या आणि त्यांत खोट्या पायऱ्या क्वचितच दिसतील इतकी पेनल्टी वाढवत नेली.

टेकडीवरची खोटी पायरी गेली. अण्णांची सहा सेंटिमीटरची पायरी कशीबशी टिकली. पण मी स्वतः नंतर तीन सेंटिमीटरच्या पायऱ्या टाकून पाहिल्या, त्या सगळ्या बुडाल्या. म्हणजे फुटाच्या दहाव्या हिश्शाची ती चूक, जी ट्रेंड निम्म्यानं बदलते, ती या वाटेनं कधीच दिसणार नाही. पेनल्टी कमी केली की टेकडी परत येते. यात रात्री गेल्या, हाती काही लागलं नाही.

थोडं शेततळ्याबद्दल, कारण तिथं चांगली बातमी आहे. तासगावच्या दादांच्या द्राक्षबागेतल्या शेततळ्यात आपला पीव्हीसी पाइप उभा आहे, वर अल्ट्रासॉनिक सेन्सर. पंपानं भरताना आणि ठिबकला सोडताना पट्टीवरचं वाचन आणि सेन्सरचं वाचन शेजारी शेजारी टिपून गेजची चूक उघडी पाडणारी व्हॅन द कास्टील चाचणी केली: आडव्या अक्षावर चूक, उभ्यावर पातळी. सकाळचे बिंदू जवळजवळ सरळ उभ्या रेषेत! मग मुद्दाम पाइपाचं खालचं भोक शेवाळानं बुजेल इतकं लहान केलं, तर भरतानाची आणि उतरतानाची रेषा वेगळी होऊन छान वेटोळं उमटलं. पुस्तकात असतं तसं. दुपारी मात्र पाइप तापतो आणि ध्वनीचा वेग अंशाला सेकंदामागं ०.६ मीटरनं वाढतो. आतली हवा तापमापकापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर दोन मीटरच्या अंतरावर साडेतीन सेंटिमीटरची चूक. पाइपाला पांढरा रंग देऊन वर सावली करायची आहे. सेन्सर स्वस्तातला घ्या, चालतो, पण पाइप बांधकामाच्या दुकानातून जाड गेजचाच घ्या. पातळ पाइप उन्हात वाकतो आणि मग चूक कशाची हे कळत नाही.

आणि हो, नव्यानं येणाऱ्यांना परत सांगतो: मुंबईची १८७८पासूनची फाइल एक्सेलमध्ये तारखा म्हणून उघडू नका. त्याला १९००च्या आधीची तारीख कळत नाही. दशांशातलं वर्ष तसंच ठेवा आणि −९९९९९ म्हणजे नोंद नाही, ते आधी काढा.

आता हे लिहिता लिहिताच एक गोष्ट सुचली आहे, आणि तिच्यामुळं पुढचा बेत बदलतोय.

मी आतापर्यंत पायरी समुद्राच्या गोंगाटातून शोधत होतो. पण फाइलमधला आकडा फुटांतून आलेला असेल तर त्याच्यावर फुटांची खूण राहिलेली असणार. मासिक सरासरी फुटाच्या शंभराव्या हिश्शापर्यंत लिहिलेली असेल, तर मिलिमीटरमध्ये आकडे ३.०४८च्या पटीत, वर एक ठरावीक रक्कम, असे पडतील. समुद्र कितीही हेलकावला तरी तो या पटीतच हेलकावणार! म्हणजे प्रत्येक आकड्याला ३.०४८नं भागून बाकी काढायची. शून्य तेच असेतो बाकी एका जागी गोळा होतील. पूर्ण मिलिमीटर करताना अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं होईल, पण बाकी वर्तुळावर मांडल्या (३.०४८ म्हणजे एक पूर्ण फेरी) तर वर्तुळाचा तिसरा हिस्साच भरेल. शून्य बदलताना मिळवलेली रक्कम वेगळी असेल तर तो गोळा दुसऱ्या जागी जाईल. हवामान नाही, पाऊस नाही, शेजारी नको.

लिखाण थांबवून कृत्रिम मालिकेवर चालवून आलो. दोन वर्षांच्या महिन्यांतच गोळा स्पष्ट दिसतो आणि पाच मिलिमीटरचा बदलही लपत नाही.

मर्यादाही लगेच दिसली. चूक नेमकी फुटाच्या दहाव्या हिश्शाची असेल तर ती स्वतःच ३.०४८च्या दहापट आहे, गोळा जागचा हलणार नाही. कारकुनी चूक सुटेल, बेंचमार्क बदलाची रक्कम सापडेल. तरी टेकडीसाठी याचा एक मोठा उपयोग आहे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, अंमल १९५८पासून टप्प्याटप्प्यानं. म्हणजे फूट जाऊन मीटर येण्याचा काळ आणि टेकडीचा काळ एकमेकांना लागून आहेत. नोंदीतून फुटांची खूण कुठल्या महिन्यापासून पुसली जाते हे बाकीवरून कळलं, तर पातळी नेमकी त्याच महिन्यात हलते का, एवढंच बघायचं. हलत नसेल तर पावसाची बाजू भक्कम होते.

त्यामुळं एडनच्या खंडांत डोकं घालायचं काम पुढं ढकललंय. आधी मुंबईच्या बाकी, मग कोचीच्या. गोळा खरा की योगायोगाचा हे ठरवायला ॲस्ट्रोपाय या पायथन लायब्ररीतली रेले टेस्ट वापरतोय, ती वर्तुळावरचे बिंदू एका बाजूला गोळा झालेत का हे तपासते. पण ती एकच गोळा धरून चालते, आणि तपासायच्या महिन्यांच्या एका तुकड्यात दोन गोळे आले तर गोंधळते. वर्तुळावरच्या आकड्यांत बदलाची जागा शोधणारं काही कुणी वापरलं असेल तर सांगा. आर भाषेतलं चालेल, पायथन असेल तर उत्तमच.