आमची वाटचाल : मोटर बदलू नका, आधी लिंक सोडा

1989 साली चिपळूणच्या बाजारपेठेत भाड्याचा गाळा घेऊन आम्ही दोघांनी ऑटो इलेक्ट्रिकचं काम सुरू केलं. दोघं म्हणजे मी आणि माझे आतेभाऊ. सेल्फ, डायनॅमो, हॉर्न सगळंच करायचो, पण नाव झालं ते वायपरवर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, एका अंगाला कुंभार्ली घाट आणि दुसऱ्या अंगाला परशुराम. इथे वायपर बंद पडलेली गाडी कोणी उद्यावर ढकलत नाही.

आतेभावाचा हात आर्मेचरवर (मोटरच्या आतला तार गुंडाळलेला, फिरणारा भाग), माझा गिअरवर. जुन्या अँबॅसेडरला मोटरपासून काचेखालच्या दोन्ही व्हीलबॉक्सपर्यंत (वायपरचा आर्म फिरवणारे गिअरचे छोटे डबे) दातेरी केबल जायची. व्हीलबॉक्सचं गिअर पुरतं फिरत नाही, नुसतं मागे-पुढे होतं, म्हणून एकाच बाजूचे दाते झिजतात. गिअर काढून अर्धा फेरा वळवून बसवलं की कोरे दाते केबलला लागतात. नवीन काहीच टाकायचं नाही. आता नवीन काही टाकलं नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक मजुरीला कुरकुरणार, हेही ठरलेलंच.

मधली वर्षं बरी गेली. मग आतेभावांना हायवे दिसला. चढावर मोठं दुकान काढलं आणि पाटी लावली, ‘मूळ वायपर स्पेशालिस्ट’. मूळ म्हणजे कोण, ते त्यांनाच ठाऊक. पार्टनरशिप मोडली याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते ज्या माणसाने मला कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याचा भाग) पॉलिश पेपरने साफ करायला शिकवलं, तो गिऱ्हाइकाला सांगू लागला की ‘जुनी मोटर दुरुस्त होत नाही, पूर्ण सेट टाका’ याचं. सेटमध्ये मार्जिन आहे, कार्बन (कम्युटेटरला करंट पोचवणारे ब्रश) बदलण्यात नाही. न कळण्यासारखं काय आहे त्यात?

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमचा गाळा माळ्यापर्यंत बुडाला. वाइंडिंगचं मशीन, मीटर, कार्बनचे खण, प्रीमियर पद्मिनी गाडीचे जपून ठेवलेले स्पिंडल (वायपरचा आर्म ज्यावर बसतो तो दांडा), सगळ्यावर गाळ. वायपरचा आर्म उपटायचा छोटा पुलर मात्र शाबूत मिळाला. लोट्याच्या एका टर्नरकडून बनवून घेतलेला आहे तो. स्क्रूड्रायव्हर घालून आर्म उचकटणाऱ्यांनी काच तडकवली आणि काउल (काचेखालचा पत्रा) चेपलं, असे नमुने मी ढिगाने पाहिलेत.

आम्ही गाळ उपसत होतो आणि वर हायवेवर सांगितलं जात होतं, ‘खालचं दुकान कायमचं बंद झालं.’ पुरात भिजलेल्या गाड्यांचा सगळा हंगाम त्यांच्याकडे गेला. त्यांच्याकडे पाणी आलं नव्हतं, हा काही त्यांच्या हाताचा गुण नव्हे. विम्याचं पत्र आलं तेव्हा त्यात हत्यारांची किंमत वाचून घरातली माणसं गप्प झाली. गाळा सोडायचं जवळपास ठरलं होतं.

तेव्हा डॉक्टरकाकांचा फोन आला. त्यांची बदामी पद्मिनी पहिल्या वर्षापासून आमच्याकडे.

‘अरे, गाडी सुकलीय, वायपर चालू करून बघू का?’

‘काका, स्विचला हात लावू नका!’

गाळ भरलेल्या मोटरला करंट दिला की आर्मेचर जळतं. आधी खोलायची, गोड्या पाण्याने गाळ काढायचा, मग बल्बच्या उबेला सावकाश सुकवायची. काकांनी मोटर काढून पिशवीतून आणून दिली, वर दुसऱ्या दोन गाड्यांचं काम गोळा करून आणलं. दुकानात वीज नव्हती, शेजाऱ्याच्या घरून वायर ओढली. तिथून पुन्हा सुरुवात झाली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. वायपर मंद झाला की मोटरला शिव्या देऊ नका. लिंक, म्हणजे मोटरपासून स्पिंडलपर्यंतच्या दांड्या, सोडून मोटर मोकळी चालवा. फुर्र पळाली तर दोष स्पिंडलमधल्या वाळलेल्या ग्रीसचा किंवा बुशचा. मोकळीही रडत असेल तर आधी अर्थिंग बघा, कार्बन नंतर. आर्म काढण्यापूर्वी पट्टी जिथे थांबते तिथे काचेवर टेप लावा, आणि काढायच्या आधी मोटर पार्किंगला, म्हणजे बंद केल्यावर थांबायच्या जागेला, आलीय ना, ते बघा. रबर बदलूनही पट्टी थडथड उडत असेल तर आर्म बघा. आर्मला पीळ बसला असेल, तर तो पक्कडीने अलगद सरळ करा. काउलमधला पाला मे महिन्यातच काढा, पाणी तुंबून मोटरवर येतं ते त्यामुळेच. आणि कोरड्या काचेवर वायपर फिरवून धूळ पुसणाऱ्यांना काय सांगणार!

आता त्या ‘मूळ’ दुकानात पद्मिनी किंवा अँबॅसेडर आली की त्यांचा पोरगा मागच्या बोळातून मोटर आमच्याकडे आणून देतो. काम आमचं, बिल त्यांच्या नावाचं. पैसे दिवाळीपर्यंत अडकतात. म्हणून हल्ली मी झाकणाच्या आतून खिळ्याने आमच्या दुकानाचं नाव कोरतो, पुढच्या वेळी खोलणाऱ्याला दिसायला.