पट्टा सामानाचा आणि पट्टा माणसाचा

मध्यंतरी एका पोराला बॅगेवर हवी तशी कडी लावून द्यायला मी नकार दिला. काम माझ्या हातचं होतं, तो पैसे द्यायला तयार होता, आणि त्याची अडचणही खरी होती. तरी नाही म्हटलं. तेव्हापासून मशीनवर बसलो की डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहून काढतो.

गोव्यातल्या साखळी गावात माझं कुशनचं दुकान आहे. मोटारसायकलच्या सीट, रिक्षांचे हुड, जीपचे पडदे, आणि मे महिना लागला की ताडपत्र्या. घरोघरी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, धावपळ असते, तेव्हा आमच्याकडे गोठ्याला, ओसरीला, दुकानाच्या पुढच्या अंगाला ताडपत्री हवी असणाऱ्यांची रांग लागते. एके काळी मुख्य धंदा खनिजाच्या ट्रकांचा होता. भरलेल्या ट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायला दिवस पुरायचा नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद पडल्या. त्या कामासाठी घेतलेलं जाड कापडाचं मशीन कोपऱ्यात पडून राहिलं. साधं मशीन कापड फक्त खालून ओढतं. याचा वरचा पायही पाऊल टाकतो आणि सुई कापडात रुतलेली असतानाच पुढे सरकते, त्यामुळे चार-पाच थर एकत्र शिवले तरी एकही थर मागे राहत नाही. असं मशीन हाताशी असताना दिवसभर सीट कव्हरं शिवणं मला बोचतं. म्हणून हा मुलगा बॅगेचं काम घेऊन आला तेव्हा मी खुशीत होतो.

तो वाळपईकडचा. पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातल्या धबधब्यांवर लोकांना दोरावरून खाली उतरवण्याचं काम करतो. मागवून घेतलेली एक महागडी बॅग त्याने माझ्या टेबलावर ठेवली. एका बाजूचा पट्टा मुळासकट निघाला होता.

"काका, कापड चांगलं म्हणून घेतली. एक पावसाळासुद्धा निघाला नाही."

कापड चांगलंच होतं. पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा थर, ट्रकच्या चांगल्या ताडपत्रीला असतो तसा. पण पट्टा शिवताना टाके इतके जवळजवळ घातले होते की सुईच्या भोकांची रांग पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी झाली होती. दोरा शाबूत, पट्टा शाबूत, कापड मात्र भोकांच्या रेषेत फाटलेलं. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती, असं गिऱ्हाईकाला वाटतं आणि शिवणाऱ्यालाही. पीव्हीसीवर ते उलटं पडतं. तिथे टाका लांब हवा आणि भार जास्त जागेवर पसरायला हवा.

मग पट्टा पाहिला. तो म्हणाला, नायलॉन आहे. मी एक तुकडा कापला, साबणाचं बोट लावून पाण्याच्या मगमध्ये बुडवला आणि सोडला. तो वर येऊन तरंगायला लागला. नायलॉन बुडतं, पॉलिएस्टर बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. बाजारात तिन्ही पट्टे 'नायलॉन पट्टा' म्हणूनच विकतात आणि विकणाऱ्याला विचारलं तर तोही तेच सांगतो. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, स्वस्त पडतं, सामानाच्या पिशवीला ठीक आहे. पण उन्हासाठी प्रक्रिया केलेलं नसेल तर ते उन्हात खंगतं. या पट्ट्याच्या वरच्या बाजूला नख घासलं तर पांढरी भुकटी निघाली. आमच्याकडचं ऊन आणि आमच्याकडची खारी हवा यांचा विचार न करता बनवलेला माल इथे येतो आणि इथले लोक त्याला पूर्ण किंमत मोजतात, याचा मला राग येतो.

त्याची पहिली मागणी होती की पाणी आत जाता कामा नये. मी विचारलं, वरून गेलेलं पाणी मग बाहेर कुठून येणार? धबधब्याखाली उभं राहायचं, तर बॅगेचं तोंड कधी ना कधी उघडणारच. चाळीस लिटरची बॅग पाण्याने भरली तर पाठीवर चाळीस किलो. त्याला ते लगेच पटलं. ठरलं असं की बॅग पाणी धरणार नाही. तळाला पाणी निघून जायला पितळेचे मोठे आयलेट, म्हणजे भोकाला बसवायच्या रिंगा, बाजूंना जाळीच्या पट्ट्या, आणि कोरडं राहायलाच हवं ते सामान आत झाकणाच्या डब्यात. लोखंडावर मुलामा दिलेले आयलेट स्वस्त मिळतात, पण ते एका पावसात गंजतात आणि गंजाचा धारदार काठ दोराला लागतो. चेन काढूनच टाकली. वाळूचा कण रनरमध्ये बसला की चेन संपली. तोंडाला दोरीची चुणी आणि वर झाकण.

शिवताना माझा सगळ्यात जास्त वेळ पट्ट्यांनी घेतला. दोन इंची पॉलिएस्टरचा पट्टा एका खांद्याखालून निघून तळाखालून फिरवून दुसऱ्या बाजूने वर आणला. बॅग त्या पट्ट्यावर बसते, कापड फक्त सामान आत धरतं. पट्टा अंगाला पूर्ण लांबीभर शिवलेला, मधे कुठे बोटही जात नाही. जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप. टोकं तापलेल्या पात्याने कापून बंद केली, कारण कात्रीने कापलेला पट्टा आठवड्यात सुटायला लागतो. खांद्याचे पट्टे आधी वेगळ्या तुकड्यावर शिवले आणि तो तुकडा गरम हवेच्या गनने अंगाला चिकटवला, म्हणजे तिथे बॅगेच्या कापडाला सुईचं एकही भोक नाही. दोरा बॉण्डेड पॉलिएस्टर. सुती दोरा आमच्या पावसात कुजतो, हे ताडपत्रीवाल्या कुणालाही विचारा.

दोऱ्याचा रंग मी त्याच्याकडून शिकलो. मापं घ्यायला आला तेव्हा त्याच्या कमरेला दोरकामाची स्लिंग, म्हणजे माणसाचा भार धरणारा शिवलेला पट्टा, होती. ती हातात घेऊन मी बराच वेळ बघत बसलो. आडव्या टाक्यांच्या दाट पट्ट्या, सगळ्या सारख्या, आणि दोरा मुद्दाम पट्ट्याच्या उलट रंगाचा. झिजलेला टाका लगेच दिसावा म्हणून. मी काळ्या पट्ट्यावर लाल दोरा घेतला.

बॅग झाल्यावर दुकानाच्या लोखंडी तुळईला टांगली आणि पाण्याचे वीस लिटरचे पाच कॅन तिला लावले. शंभर किलो, रात्रभर. सकाळी येऊन टाके भिंगातून पाहिले. एकही हललेला नव्हता, कापडावर ताणाची सुरकुती नव्हती. मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

तो आला, बॅगेला दोन्ही हातांनी लटकून बघितलं आणि म्हणाला, "काका, मग वर एक मोकळी कडी द्या ना. कॅराबिनर, आमचा तो उघडझाप होणारा धातूचा हूक, अडकवता येईल अशी. बॅग अँकरला, म्हणजे दोर बांधतो त्या आधाराला, टांगलेली असते. कधी कुणाचा पाय घसरला तर क्षणभर त्याला तिथेच अडकवता येईल."

"माणसाला?"

"क्षणभरच, हो. तुमचं काम बघितलंय मी. माझा विश्वास आहे."

मी त्याच्याच स्लिंगवरचं लेबल त्याला दाखवलं. त्यावर २२ किलोन्यूटन छापलेलं होतं, म्हणजे सुमारे २२०० किलोचा भार. तशा स्लिंगचे नमुने कारखान्यात मशीनवर ओढून तपासलेले असतात. मी शंभर किलो शांतपणे टांगलेत. घसरलेला माणूस शांत टांगत नाही, तो झटका देतो, आणि थोड्याशा उंचीवरूनही तो झटका वजनाच्या कितीतरी पट होतो. दुसरी गोष्ट, स्लिंग कधी बनवली ते तिच्यावर लिहिलेलं असतं आणि ठरावीक काळाने ती बाद करतात. बॅग कुणी बाद करत नाही, फाटेपर्यंत वापरतात. आज माझी कडी धरेल. उन्हात, वाळूत, दगडावर घासून तीन पावसाळ्यांनंतर ती किती धरेल हे मला सांगता येणार नाही, आणि तेव्हा मी तिथे नसेन.

"मग मी अडकवणार नाही कुणाला," तो म्हणाला.

तू नाही अडकवणार. पण तुझ्या हाताखालचा नवा मुलगा आहे, पाण्याचा आवाज आहे, समोर एक घाबरलेला पर्यटक ओरडतोय. हाताला जी कडी पहिली लागेल तिच्यातच तो कॅराबिनर घालणार.

म्हणून मी वर कडीऐवजी मूठ दिली. पट्टा जाड रबरी पाइपमधून ओवला, पाइप दोन्हीकडे थेट शिवणीला भिडवला. त्याचाच कॅराबिनर घेऊन प्रयत्न करायला लावला. पाइप त्याच्या तोंडात मावत नाही. बॅग वर ओढायची तर दोराची गाठ बांधावी लागते. शेजारी पट्ट्यावर लाल दोऱ्याने 'फक्त सामान' असं शिवलं.

तो खूश नव्हता. म्हणाला, गार पाण्यात बोटं आखडतात, तेव्हा गाठ मारायला वेळ जातो आणि तेवढा वेळ नेहमी असतोच असं नाही. हे त्याचं म्हणणं मी खोडू शकलो नाही. मी आयुष्यात कधी दोरावर उतरलो नाही, तो रोज उतरतो. पूर्ण पैसे देऊन तो बॅग घेऊन गेला. समोरच्या दुकानातला माझा जोडीदार म्हणाला, गिऱ्हाईक सांगेल ते शिवून द्यायचं, पुढचं त्याचं तो बघेल. अशा विचाराने शिवलेल्या बॅगा दुरुस्तीला माझ्याकडेच येतात. जोडीदाराचं बोलणं मी मनावर घेतलं नाही. त्या मुलाचं घेतलं.

काल त्याचा फोन आला. बॅग चांगली चालतेय, त्याच्या साथीदारांसाठी आणखी तीन हव्यात, पण मुठीऐवजी कडी. मी म्हटलं, कडी नाही. तो म्हणाला, मग काका, दुसरं काहीतरी काढा जे एका हाताने अडकतं. मला ते न्याय्य वाटलं. सामानापुरतं अडकणारं, पण हार्नेसचा, म्हणजे माणसाच्या अंगावरच्या पट्ट्यांचा, कॅराबिनर ज्यात जाणारच नाही, असं काही. एका जागी आडवा लाकडी दांडा घालून बघितला, पण तो ओला झाला की फुगतो. पितळेचा खटका मिळतो, पण तो आखडलेल्या बोटांना उघडत नाही.

तळ आणि अंगं कापून ठेवली आहेत, वरचा भाग तेवढा राहिलाय. दोरकाम करणाऱ्या कुणी असं काही वापरलं असेल तर दुकानात घेऊन या. मला ते हातात धरून बघायचं आहे. पाऊस जोर धरायच्या आत तिन्ही बॅगा द्यायच्या आहेत.