आजोबांच्या कपाटाची किंमत

वाटणी ठरली आणि शुक्रवार पेठेतल्या घरातल्या आजोबांच्या सागवानी कपाटाची किंमत काढायची वेळ आली. जुन्या सामानवाल्यानं लांबूनच बघून ८ हजार म्हटलं. काकांना तेही जास्त वाटलं.

मग सुतारमामा आले. त्यांनी दाराकडं बघितलंच नाही, खण उपसून उलटा केला. खिळा कुठंच नाही, लाकडात लाकूड अडकवलेलं. तळाला रंध्याचे उंचसखल पट्टे, म्हणजे हातकाम. मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवला, तर पॉलिश विरघळून बोळ्याला लागलं. "लाखेचं हाय. घासून चकाचक केलंस तर किंमत घालवशील." (मी नेमकं तेच करणार होतो!)

मग हिशेब. तसंच आज करायचं तर सागाचे घनफूट, वाया जाणारं लाकूड, २०-२२ दिवसांची मजुरी: सव्वा लाखाच्या पुढं. विकायला काढलं तर गिऱ्हाईक ३५ हजार देईल. विम्याला पहिला आकडा, वाटणीला दुसरा. २०१९च्या पुरात कपाटाचे पाय पाण्यात होते, त्या डागाचे मामांनी २ हजार कापले.

आत्या म्हणाली, डागासकट मी घेते.