मॉलिब्डेनमचं शिखर उलट्या बाजूला सरकलं तेव्हा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे एक काळी फरशी आली. जर्मनीत ग्राइफ्सवाल्डला वेंडेलश्टाइन ७-एक्स हे संलयन यंत्र आहे, म्हणजे हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवण्याच्या प्रयोगांचं यंत्र. २०१८च्या प्रयोगांत ती तिथल्या डायव्हर्टरमध्ये होती, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) भिंतीला सगळ्यात जास्त भिडतो त्या जागी. आत ग्रॅफाइट, त्यावर ३०० नॅनोमीटर मॉलिब्डेनम आणि सगळ्यात वर ५ ते १० मायक्रोमीटर कार्बन. कार्बन कुठे किती झिजला आणि कुठे किती साचला, एवढंच मला शोधायचं होतं.

पद्धत मला अजूनही सुंदर वाटते. फरशी निर्वातात ठेवून तिच्यावर २.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे प्रोटॉन सोडायचे आणि मागे उसळून येणाऱ्यांची ऊर्जा मोजायची. मॉलिब्डेनमवरून परतणाऱ्या प्रोटॉनला जाता-येता कार्बनमधून जावं लागतं, त्यात त्याची ऊर्जा खर्च होते. थर पातळ झाला की खर्च कमी, म्हणून आलेखातलं मॉलिब्डेनमचं शिखर जास्त ऊर्जेकडे सरकतं. जाड झाला की उलट. यंत्रात बसवण्याआधी अशीच मोजणी झालेली असते. दोन्हींतला फरक म्हणजे झीज.

पहिल्या आठवड्यात फरक जुळेनाच. जिथे झीज हवी तिथे थर वाढलेला दिसत होता. दोन दिवस मी गणितातच चूक शोधत बसले. मग गाइड मॅडम म्हणाल्या, "अगं, आधीची मोजणी कुठल्या कडेवरून घेतली होती, ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. मुळातला लेप फरशीभर सारख्या जाडीचा नव्हता, आणि माझे मोजणीचे बिंदू ४ मिलिमीटर सरकलेले होते. स्क्रूचं भोक खूण धरून सगळं पुन्हा लावलं, तेव्हा प्लाझ्मा आदळतो त्या पट्ट्यावर झीज स्वच्छ दिसली.

एका टोकाला मात्र थर वाढलेलाच राहिला. फरशी दिव्याखाली तिरपी धरली, तर तिथे निळ्या-जांभळ्या छटा होत्या, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तशा. आलेखात बोरॉनही सापडलं. त्या वर्षी यंत्राच्या भिंतींवर बोरॉनचा लेप दिला होता, त्याचाच अंश. म्हणजे ही चूक नव्हती, इथे खरोखर काहीतरी येऊन साचलं होतं.

मला या साचण्याची जास्त काळजी वाटते. हायड्रोजन आदळला की कार्बनचे मिथेनसारखे रेणू होऊन सुटतात आणि दुसरीकडे बसताना हायड्रोजनला सोबत अडकवतात. वेंडेलश्टाइनमध्ये ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचाच किरणोत्सारी प्रकार, नसतं, पण इंग्लंडमधल्या जेट नावाच्या संलयन यंत्रात १९९७च्या प्रयोगांत ट्रिटियम असंच कार्बनच्या थरांत अडकलं होतं. महागडं, किरणोत्सारी इंधन भिंतीत अडकून राहावं हे कुणालाच परवडणारं नाही. २०११पासून जेटमध्ये बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत आली, आणि अडकणारं इंधन दहा पटींहून जास्त घटलं. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाने तर २०२३मध्ये आतली पहिली भिंतही बेरिलियमऐवजी टंगस्टनची करायचं ठरवलं.

आता दुसरी फरशी निर्वात कक्षात आहे. या वेळी प्रोटॉन सोडण्याआधी भोकापासूनचं अंतर मी तीनदा मोजलं, वहीत लिहिलं आणि मॅडमनाही मोजायला लावलं.