कपाटातले बारा संच

सलग सात शनिवार मी शाळेत गेले आणि सातही वेळा मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे ते बारा संच काचेच्या कपाटात बघून परत आले. आता सगळं पार पडलंय, मुलांनी दिवे लावले, बझर वाजवले, तरी त्या सात आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही. गावाकडच्या शाळेत मुलांना इलेक्ट्रॉनिक्स किंवा कोडिंग शिकवायचं कुणाच्या मनात असेल, तर त्यांचे तरी हे आठवडे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

मी पुण्यात नोकरी करते. माहेर सातारा जिल्ह्यात, आणि शाळाही माझीच, दहावीपर्यंत तिथे शिकले. एका देणगीदाराने शाळेला आर्डुइनोचे, म्हणजे संगणकावरून प्रोग्राम चढवून दिवे, बझर चालवता येणाऱ्या छोट्या बोर्डाचे, १२ संच दिलेत आणि ते अजून उघडलेलेच नाहीत, हे विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. आठवीत ३६ मुलं, म्हणजे तिघांत एक संच. मुख्याध्यापक सर लगेच हो म्हणाले, बाईंनी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावरचे दोन तास दिले. इथपर्यंत काहीच अडलं नाही.

अडलं ते किल्लीशी. किल्ली भाऊसाहेबांकडे, म्हणजे शाळेच्या लिपिकांकडे. ते म्हणाले, "मॅडम, साहित्य डेड स्टॉकला चढलंय. संस्थेच्या पत्राशिवाय मला बाहेर काढता येत नाही." डेड स्टॉक म्हणजे मोजून जपायच्या टिकाऊ वस्तूंची नोंद. शाळा चालवणाऱ्या संस्थेचं कार्यालय तालुक्याच्या गावी. तिथे अर्ज दिला, तर तो मुख्याध्यापकांमार्फत हवा म्हणून परत आला. मार्फत दिला, तर विषयात "प्रशिक्षण" लिहिलंय, "साहित्य वापरास परवानगी" लिहा, असं सांगितलं. तेही केलं, आवक क्रमांक घेतला. पुढच्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या आठवड्यात टिपणी तयार, पण सही बाकी. प्रत्येक वेळी शुक्रवारी रात्री माहेरी मुक्काम, सकाळी तालुक्याला जाणारी एसटी, तिथून शाळा, आणि शाळेत मुलं दारात उभी. "ताई, आज उघडणार का?" हे ऐकलं की माझ्या पोटात कालवायचं.

पाचव्या आठवड्यात विचारणा झाली, मुलांना शॉक बसला तर? मी लिहून दिलं की हा बोर्ड यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतो, आणि तीन सेलच्या टॉर्चमध्येही साडेचार व्होल्ट असतातच. शिवाय हा बोर्ड २००५ च्या सुमारास इटलीतल्या इव्रेया इथल्या संस्थेत तयार झाला तो इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांना हाताळता यावा म्हणूनच. केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीची मुलं याच वस्तू हाताळतात, हेही लिहिलं. सहाव्या आठवड्यात दुसरी विचारणा: तुटलं तर?

तेव्हा मात्र मी भाऊसाहेबांसमोर बसले आणि म्हटलं, मला ती नोंदवही दाखवा. त्यांनी जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे डेड स्टॉकचीच वही, काढली. लाल शाईत रेघ मारलेला एक रकाना, त्यात सुबक अक्षरात नोंद: एलईडी दिवे, ३६० नग. त्याखाली रेझिस्टर, म्हणजे वीजप्रवाह आवरणारे छोटे भाग, त्याखाली जोडतारा. सगळं एकाच वहीत, टेबल-खुर्च्यांच्या शेजारी. मग मला त्यांची भीती कळली. दरवर्षी पडताळणी होते, नग मोजले जातात, कमी भरले तर जाब त्यांना द्यावा लागतो. एलईडी जळणारच, मुलं शिकताना एक-दोन जाळणारच. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक जळलेला दिवा म्हणजे हरवलेली खुर्ची.

मी एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, खडूची पेटी आपण डेड स्टॉकला चढवतो का?" ते थांबले. खडू, शाई, कागद यांची वही वेगळी असते, खपाच्या वस्तूंची. एलईडी, रेझिस्टर, तारा त्या वहीत जायला हव्या होत्या. बोर्ड आणि केबल तेवढे जडवस्तूत. आम्ही दोघांनी मिळून यादी पुन्हा केली. प्रत्येक बोर्डाला १ ते १२ क्रमांकाचा स्टिकर लावला, आणि कुठला बोर्ड कुणाकडे गेला, परत कधी आला, याचं सहीचं पान आखलं. ती यादी आणि साध्या कागदावर माझं हमीपत्र घेऊन मुख्याध्यापक सर स्वतः संस्थेत गेले. चौथ्या दिवशी पत्र आलं. सहा आठवडे मी अर्जाचे शब्द बदलत बसले, आणि खरं कुलूप त्या एका रकान्याला होतं! म्हणून सांगते, अर्ज लिहायच्या आधी नोंदवही बघायला मागा, आणि लिपिकाला नेमकी कशाची भीती आहे ते विचारा.

सातव्या शनिवारी कपाट उघडायच्या तयारीने गेले, तर संगणकांनी अडवलं. स्वस्तातल्या आर्डुइनोसारख्या बोर्डांवर बहुतेकदा सीएच३४० नावाची चिप असते. तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ती चिप ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, नसला तर जोडलेला बोर्ड संगणकाला दिसतच नाही, आणि ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. तो देखभालीच्या ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराचा फोन बंद. त्या दिवशीही संच काचेआड राहिले. पुढच्या बुधवारी त्यांचा माणूस येऊन पाच मिनिटांत काम करून गेला. पासवर्डची मागणी पहिल्याच अर्जात घाला, आणि तासाच्या आधी एका तरी संगणकावर बोर्ड जोडून बघा.

मग वर्ग झाले. त्यात सांगण्यासारखं खूप आहे, पण मुख्य एवढंच की पहिला अर्धा तास मी काहीही समजावलं नाही. बोर्डावरच्या १३ नंबरच्या पिनेला जोडलेला छोटा दिवा लुकलुकवायचा तयार प्रोग्राम चढवला आणि म्हटलं, यातला कुठलाही आकडा बदला. त्यात डिले १००० असतं, म्हणजे हजार मिलिसेकंद, एक सेकंद. एका मुलीने ५०० केलं, मग १००, मग थेट १०. दिवा एकसारखा पेटलेला दिसायला लागला. "ताई, हा लुकलुकायचा थांबला." मी म्हटलं, खात्री आहे का? तिने केबलसकट बोर्ड हातात घेतला, खिडकीकडे पाठ करून अंधाऱ्या बाजूला भरकन हलवला, आणि हवेत तुटक रेघ उमटली. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. ओहमचा नियम मी त्यानंतरच्या शनिवारी शिकवला, आणि तेव्हा त्यांना तो हवा होता.

तिघांच्या गटात एक गोष्ट पहिल्याच दिवशी खटकली. कीबोर्ड मुलांकडे आणि वही मुलींकडे, आपोआप. म्हणून दर दहा मिनिटांनी घंटा वाजवून जागा बदलायला लावली: एक जण तारा जोडणार, एक टाईप करणार, एक तपासणार. ही घंटा मी कधीच सोडणार नाही.

जुलैत फरशी पूल पाण्याखाली गेला आणि चार आठवडे ऑनलाइन घ्यावे लागले. घरात फोन एकच, तोही वडील कामावरून आल्यावर मिळणार, म्हणून वेळ रात्री साडेआठची. मी आधी संगणकावरच्या आभासी सर्किटचा विचार केला होता, पण फोनच्या छोट्या पडद्यावर बोटाने तारा जोडणं मुलांना जमेना. मग उलट केलं. पाऊस वाढायच्या आधीच बाईंनी प्रत्येकाला एक पाकीट दिलं होतं: दोन लाल एलईडी, एक १०० ओहमचा रेझिस्टर, दोन तारा, दोन पेन्सिल सेल. बटण सेल मुद्दाम दिले नाहीत. घरात धाकटी भावंडं असतात, आणि बटण सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. हे कृपा करून कुणीही हलक्यात घेऊ नका.

माझा चेहरा दाखवायचा मी बंद केला. दोन डब्यांवर फळी ठेवून फोन आडवा पालथा घातला, कॅमेऱ्यात फक्त टेबल आणि माझे हात. एलईडीचा लांब पाय धन, आखूड ऋण, हे हातात धरून दाखवलं की आवाज तुटला तरी मुलांना कळायचं. एका वेळी २५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. प्रत्येक तासाला मी एक जोडणी मुद्दाम चुकीची करायचे आणि चूक शोधायला सांगायचे. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात यायची, मागे पावसाचा आवाज, कुणाच्या तरी आजीचं "अगं, तो उलटा लावलाय" असं सांगणं. ज्यांच्याकडे त्या दिवशी रिचार्ज नसायचा, त्यांच्यासाठी बाई दुसऱ्या दिवशी शाळेत पाच मिनिटं तेच करून घ्यायच्या. त्या नसत्या तर ऑनलाइन भाग झालाच नसता. बाहेरून येणाऱ्याने शाळेतलं एक माणूस आधी सोबतीला घ्यावं, हे मी खरं तर सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

ऑगस्टअखेर संच परत केले. बारा बोर्ड, बारा केबल, सगळे मोजून. ३६० मधले ४१ एलईडी जळले होते. भाऊसाहेबांनी खपाच्या वहीत "४१ नग, अध्यापनात वापरले" असं लिहिलं आणि माझी सही घेतली. कपाटाची दुसरी किल्ली आता विज्ञानाच्या बाईंकडे असते. पुढच्या आठवीसाठीचा अर्ज मी आताच देऊन ठेवला आहे, मुख्याध्यापकांमार्फत, विषय "साहित्य वापरास परवानगी", सोबत यादी आणि पासवर्डची मागणी.